पाय

पहाटे चारला वायुसेनानगरच्या भिंतीलगत धावायचं,
कारण मे महिन्यात सहानंतर
नागपूर कुणालाच धावू देत नाही.
भिंतीच्या आत दिवे, नीट छाटलेली मेंदी,
बाहेर मी, आणि रोज एकाच वळणावर
मागे लागणारं लंगडं कुत्रं.
आता तेही भुंकत नाही, नुसतं सोबत येतं.

त्या भिंतीच्या आत मी एकदाच गेले होते.
नववीत, बाबांसोबत, खसच्या ताट्यांचं गाठोडं धरून.
बाबा कूलर बसवतात मार्च ते जून,
बाकी वर्षभर मिळेल ते.
बंगल्याच्या दाराशी लाकडी पाटी होती,
नाव बाईचं, त्याआधी विंग कमांडर.
त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं
आणि विचारलं, पंप पाणी का चढवत नाही?
मी सांगितलं. बाबांनी नाही, मी.
परतताना बाबा फुटाळ्यापर्यंत गप्प होते.
तिथे सायकल लावून दोन ग्लास उसाचा रस घेतला,
रसवाल्याला म्हणाले, पोरीच्या ग्लासात बर्फ कमी,
तिचा घसा सांभाळाचा हाय.

भोपाळला चौथ्यांदा गेले
तेव्हा छातीवर सतरा नंबर होता.
साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद.
पडद्यावर धैर्य. लिहिलं काहीतरी बरं.
पडद्यावर पराभव. इथे मोहरे सरांनी
रविनगरच्या मैदानात घोटून घेतलेलं वाक्य.
पडद्यावर वडील.
पेन तसंच हातात.
घंटा व्हायच्या आत कसंबसं उमटलं:
वडील शिडी धरायला सांगतात.

पाचव्या दिवशी तीनच नंबर वाचले.
सतरा त्यात होता.
मी तशीच उभी. शेजारच्या मेरठच्या मुलीने
चिमटा काढला, तिचा स्वतःचा नंबर
आला नव्हता तरी.

मग डॉक्टर.
ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं
आणि पत्रिका बघावी तशी माझी पावलं बघितली.
कमान नाही. सपाट. अपात्र.
अपील करता येईल, म्हणाले,
आणि पुढच्या मुलीला हाक मारली.
चार वर्षं ज्यांच्यावर धावले
त्यांच्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

घरी आल्यावर शेंडेकाकू म्हणाल्या,
बँकेचे फॉर्म निघालेत गं.
आईने त्यांना चहा दिला, साखर न घालता.

बाबा गच्चीवर होते, टाकी धूत, अनवाणी.
सगळं ऐकून घेतलं. पाईप बाजूला ठेवला.
म्हणाले, "पाय."
आमच्याकडे पाय म्हणजे बघ,
पण मी आधी माझ्याच पायांकडे बघितलं.
ते टाकीतून बाहेर आले, सिमेंटवर चार पावलं चालले.
प्रत्येक ठसा आख्खा,
टाचेपासून बोटांपर्यंत, मध्ये कुठे खाच नाही.
"हेच घेऊन पस्तीस वर्सं शिड्या चढून रायलो मी.
अपील हाय म्हणते तं लिव ना वं अपील."

मी चप्पल काढली, पाणी ओतलं,
त्यांच्या ठशाशेजारी माझा एक ठेवला.
सवयीने सेकंद मोजू लागले.
गच्ची तापलेली. बोटं आधी गेली, मग कडा,
पंधराच्या आत दोघांचं काहीच उरलं नाही.

अजून अडतीस दिवस आहेत.
रात्री जेवणं झाली की दहा गोट्या फरशीवर टाकते
आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत सोडते.
याने कमान येते म्हणतात. येत असेल.
बाबा खाटेवरून मोजतात, मध्येच डुलकी लागते,
आणि सहानंतर एकदम नऊ म्हणतात.
आज एक गोटी कपाटाखाली गेली.
कोपरांवर सरपटत मी तिच्यामागे गेले,
तिथे धूळ होती, आईची हरवलेली सुई होती,
आणि गोटी अजून
थोडी पुढेच.