वानी

पंचफुलाबाई म्हणाली होती,
"अंधार होता जी. विहिरीपाशी दिसला मले
शाळेतल्या त्या पोरावानी."
मी टाइप केलं : सदर मुलगा तोच होता.

घाई होती. दोनला लाइट जायची,
साहेबांना पुसदची बस गाठायची,
आणि 'वानी' त्या ओळीत
नीट बसेना.
माझ्या आईच्या तोंडी दिवसातून पन्नासदा येतो तो शब्द.

चोरी मोटारीच्या केबलची. सत्तर फूट.
बांधावर जळालेल्या रबराची राख सापडली, तांबं नाही.
बाईच्या हातात बॅटरी होती, सेल उतरलेले,
उजेड तुरीच्या पहिल्या तासापर्यंत, फार तर.
तिनं ओळखला तो शर्ट. निळ्या चौकडीचा.
आश्रमशाळेत त्या साली एकाच ताग्यातून
एकेचाळीस शर्ट शिवले होते.
ओळख परेडीला सहा पोरं उभी केली,
पाच जणांच्या पायात चपला.

कागदात पोराला नाव नाही, कायद्यानंच.
'विधिसंघर्षग्रस्त बालक'.
हे मात्र मी एकदाही चुकलो नाही,
सगळ्या जोडाक्षरांसकट.

दीड वर्षानं अपील लागलं.
वकीलबाईंनी पान अकरा उघडलं. म्हणाल्या,
सर, ही बाई असं बोलतच नाही.
'सदर' तिच्या गावात तलाठ्याशिवाय कुणी म्हणत नाही.
सरकारी वकील हसले. साहेबही, थोडे.
मग जेवणाची सुट्टी.

पंचफुलाबाईला कुणी बोलावलं नव्हतं.
तारीख आहे एवढं कानावर आलं, म्हणून
पहिल्या एसटीनं आली, व्हरांड्यातल्या बाकावर बसली.
शेजारी एक पोरगा, नुकती मिसरूड फुटलेली,
गुडघा हलवत.
तिनं फडकं सोडलं. अर्धी भाकर, वर ठेचा,
त्याच्यापुढं धरला.
"खाय ना बाप्पा. कोनाचा हायेस तू?"
त्यानं सांगितलं कोणाचा.
तिला ऐकू आलं नसावं.
"माह्या नातवावानी दिसतं रे," म्हणाली.

मी दारात, फाइल काखेत.
पोरानं तिला ओळखलं होतं.
खाली मान घालून त्यानं भाकर खाल्ली,
बोटाला लागलेला ठेचाही चाटला,
मग नळावर जाऊन
तिच्यासाठी बाटली भरून आणली.

पुकारा झाला.
आत येऊन मी खुर्ची ओढली.
पान अकरा समोरच होतं, माझीच सही खाली.
पंखा बंद होता, तरी कागद हलत होता.
साहेब म्हणाले,
घ्या लिहून.