शिडी

दुकान मोडलं तेव्हा सगळं विकलं,
खिळे किलोवर, रंगाचे डबे निम्म्या भावात,
दारावरची घंटासुद्धा.
शिडी तेवढी उरली. बारा पायऱ्या, त्यातली एक बदललेली.

वेल्समधलं आमचं गाव, पाटीच्या दगडाचं. खाण कधीच मिटली.
मुख्य रस्त्यावर एकोणीस दुकानांच्या काचांना
आतून वर्तमानपत्रं.
तारखा वाचत जावं, कोण कधी गेलं कळायचं.

एका मंगळवारी तेगवेन आली, कुंभारकाम करणारी,
कोपरापर्यंत चिखल.
"शिडी आहे म्हणे तुमच्याकडे?"
आहे, म्हटलं. परत आणा.

आणली नाही.

चौथ्या आठवड्यात कोट चढवून निघालो.
तेगवेन म्हणाली, ती इद्रिसनं नेली, बुटांच्या दुकानात.
तिथं चामड्याचा वास अजून तसाच
आणि छताला दोऱ्यांवर लाकडी देवमासा.
इद्रिसनं वही काढली. यांची एक वही असते:
कुठली किल्ली कुणाच्या खिशात,
कुणाला भाड्यात किती कमी पडतंय.
"बँकेत," म्हणाला.

बँक म्हणजे मला कर्ज नाकारलं ती.
आता काउंटरच्या काचेमागे खर्जातले म्हातारे,
आणि तिजोरीच्या दारात दात पडलेली एक पोरगी
आपली ओळ यायची वाट बघत.
ऐकत उभा राहिलो. शिडीचं विचारायचं राहूनच गेलं,
पुन्हा आत गेलो.

वाटेत पाव घेतला.
"मंगळवारी अकरा जास्त खपतात," बेकरीवाली मायर म्हणाली.
"अकराच. मी मोजते."
चौकात ओवेन भेटला. नमस्कार झाल्यावर आठवलं,
आमचं बोलणं बंद होतं.

शिडी धुलाईच्या दुकानात सापडली, रिहाबच्या पायाखाली.
फिरत्या यंत्रांच्या वर ती भिंतभर मेंढ्या रंगवत होती.
डोंगर इथला, कुंपण इथलं,
मेंढ्यांचे कान मात्र लांब, लोंबते,
तिच्या अलेप्पोकडचे.
शेजारी कपडे वाळायची वाट पाहणारे तिघे
त्या कानांवरून वाद घालत होते.

वही खुर्चीवर उघडी. वाचलं:
शिडी – ग्विलिम, हार्डवेअरचं दुकान.
'जुनं' लिहिलेलं नव्हतं.

"न्यायला आलात?" तिनं वरूनच विचारलं.
बाहेर पाच वाजले होते, अंधार,
एकोणीसपैकी सहा खिडक्यांत दिवे.
तेरा अजून वर्तमानपत्रवाल्या.

मी दोन्ही हातांनी शिडी धरली.
ती बदललेली पायरी जरा हलते.
म्हटलं, डावा कान राहिलाय बघ,
करून घे.