छत्तीस

नावं बदलली आहेत. आकडे तेच.

आधी दोघांची वर्षाची कमाई.
ब्रोडी स्ट्राहनला, खाडीतल्या सामन माशांना खाद्य घालतो.
टेगन विनयार्डच्या वृद्धाश्रमात, स्वयंपाकघरात.
दोघांच्याही कमाईतून ज्याच्या त्याच्या पोटापुरतं
आम्ही आधीच बाजूला काढतो.
(तेवढ्यात पोट भरतं का,
असा रकाना अर्जात नाही.)
उरलेलं एकत्र करायचं.
वेगळं होऊन पाच वर्षं झाली,
आणि हे दोघं पुन्हा एका बेरजेत.

त्या बेरजेसमोर तक्ता बघायचा:
अशा कमाईच्या घरात
नऊ वर्षांची मुलगी वर्षाला कितीला पडते.
तक्त्यात विला नाही.
तिचा उजवा बूट डाव्याच्या आधी झिजतो, तेही नाही.

खर्चात ब्रोडीचा वाटा साठ टक्के,
टेगनचा चाळीस.
इथवर नुसतं त्रैराशिक.

मग रात्री.
मूल झोपलं कुठे, ते मोजायचं.
वर्षात बावन्न रात्री बापाकडे भरल्या
तर चोवीस टक्के त्याने तिथेच फेडले असं धरायचं,
अंथरुणात, दुधात, गरम पाण्यात.
साठातून चोवीस गेले, राहिले छत्तीस.
एकावन्नच भरल्या
तर काहीच फिटत नाही. साठ ते साठ.

ब्रोडीच्या कॅलेंडरवर बावन्न फुल्या.
टेगनच्या वहीत एकावन्न.

मधली एक रात्र जुलैतली, शनिवारची.
विलाला अंगात कसकस होती, आईच हवी म्हणाली,
म्हणून त्याने रात्री दहाला गाडी काढली.
डोंगरातून अडीच तासांचा रस्ता, त्यात बर्फ,
दोनदा थांबून वॉलबींना वाट दिली.
दारात पोचला तेव्हा एक वाजलेला,
आत दिवा नाही, मागच्या सीटवर पोर गाढ झोपलेली.
त्याने इंजिन बंद केलं,
आपलं जाकीट तिच्यावर घातलं
आणि उजाडेपर्यंत तसाच बसून राहिला.

गाडी त्याची. अंगण तिचं.
रात्र कोणाची?

नियमांत मी बराच वेळ शोधलं.
रुग्णालय आहे, शाळेची सहल आहे,
आजोळ आहे.
अंगणात उभी गाडी नाही.

टेगनला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज.
म्हणाली, माझ्याच दारात होती ना ती?
मी म्हटलं, हो.
म्हणाली, एका रात्रीने किती फरक पडतो?
मी आकडा सांगितला. तिने तो पुटपुटून पाहिला,
त्यात बहुधा विजेचं बिल बसवलं, दातांच्या तारा बसवल्या.
मग कुणाला तरी ओरडली, सूप उतू जातंय.

परत आली ती वेगळ्याच आवाजात.
"दीड वाजता पाणी प्यायला उठले होते मी.
खिडकीतून दिसली गाडी.
काचा आतून धुरकटलेल्या.
दार उघडलं असतं तर ती जागी झाली असती.
नाही उघडलं."
मी काही बोलले नाही.
असल्या शांततेचेही आम्हाला मिनिटावर हिशेब द्यावे लागतात.
"लिहा त्याची," ती म्हणाली.
"आणि त्याला सांगू नका मी पाहिलं होतं म्हणून."

होबार्टला आले त्याला अकरा वर्षं झाली,
कच्चं गणित मी अजून देवनागरीत करते.
पाकिटामागे लिहिलेलं: ३६.
तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून.
शाळेत बाई म्हणायच्या, यांचं कधी पटायचं नाही.

म्हटलं, मागून कसे दिसतात बघू.
पाकीट उलटं करून खिडकीशी धरलं.
कागद पातळ, ऊन भरपूर.
मागूनही छत्तीसच.
पण एवढे चिकटून उभे की
मध्ये सुईही जाऊ नये.

पुढचा फोन वाजला.