घाट बंद आहे

भाद्रपदात सातव्या वळणावर दरड आली
आणि बांधकाम खात्यानं धामणगावच्या पुढं
दोन ड्रम उभे केले, मधे बांबू,
बांबूला पाटी : घाट बंद आहे.
खाली कुणीतरी कोळशानं लिहिलं : पायी चालते.

सायकलचं काहीच लिहिलं नव्हतं.

बांबूजवळचा सुखदेव भिलावेकर
आधी माझी सायकल बघतो, मग माझे पिकले केस.
"एकट्याच चालल्या का मॅडम?"
"एकवीस गिअर आहेत सोबत," मी म्हणते.
त्यातले अठराच लागतात, हे सांगत नाही.
तो बांबू उचलतो, पूर्ण नाही,
माझी मान वाकेल एवढाच.

आणि मग आवाज संपतात.
म्हणजे सुरू होतात.
चेनचा. माझ्या धापेचा.
सागाच्या वाळल्या पानावर दुसरं पान पडल्याचा.
ट्रकच्या भोंग्याखाली इतकी वर्षं
हा ओढा वाहत होता होय?
वळणावर फलक : हॉर्न द्या.
मी घंटी वाजवते, नियम म्हणून.
एक रानकोंबडा झाडीतून बाहेर येतो
आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवरून चालू लागतो
तपासणीला आलेल्या साहेबासारखा.
दोन्ही कडांनी तरोटा हातभर आत सरकलाय,
तलाठ्याला न विचारता.

शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं
मी परीक्षानळ्या धुतल्या, बरण्यांवर चिठ्ठ्या डकवल्या.
सगळं मोजून, सगळं सही करून.
इथंही वळणं मोजत होते,
दरडीवर सायकल खांद्यावर घेतली
तेव्हा आकडा कुठंतरी मातीत पडला.
गुडघे बोलतात.
बोलू देत.

मोथ्याच्या अलीकडं चहाची टपरी, फळी लावलेली.
बाकडं उलटं, त्याच्या पोटात कुत्री व्यालेली.
मी दगडावर बसते,
डोळे मिटून म्हणते, हे असंच राहो,
आणि मागून आवाज येतो :
"आली वं माय एकदाची!"

गेंदाबाई येवले.
"बस नाई, जीप नाई.
म्हशीले का सांगू, घाट बंद हाय म्हून?
रोज आटवते, रोज खवा करते,
अन् खाते कोन? आमीच. पोट्टे इटले.
खाली परतवाड्याले पेढेवाला वाट पाह्यते.
तुह्या सायकलीले मांगं कॅरेल हाय नं?"

आहे.
त्यावर पाण्याची बाटली, पक्ष्यांची वही,
आणि खास शांततेसाठी काढलेली
एक किरकोळ रजा.

मी वही पिशवीत कोंबते.
सात किलो, पळसाच्या पानांत,
जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेला.
गाठ मारताना गेंदाबाईनं सायकल अशी दाबली
जशी अडणारी म्हैस.

उतारावर ब्रेक किंचाळतात.
ओढा असेल, रानकोंबडाही असेल,
मला ऐकू येत नाही.
ऊन तापायच्या आत पोचायला हवं.
वळणावर घंटी वाजवते, या वेळी खरोखर,
समोरून कुणी आलं तर?
या घाटातली सगळी वाहतूक
आता मीच आहे.

सुखदेव बांबू पूर्ण उचलतो.
नाक पुढं करतो. काही बोलत नाही.
मी पानाचं एक टोक उलगडते, मीही बोलत नाही.
मग तोंड पुसत तो सांगतो,
सोमवारपासून पोकलेन लागणार, आठ दिवसांत रस्ता मोकळा.
मला वाईट वाटतं.
मागच्या कॅरिअरकडं बघते
आणि वाईट वाटल्याची लाज वाटते,
थोडीच.

परतवाड्यात पेढेवाला तराजूत टाकतो.
सहा किलो नऊशे साठ.
"बाईचं वजन कधी चुकत नाही," तो म्हणतो,
"चाळीस ग्रॅम कुठं गेले?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहते.
सोमवारला अजून तीन दिवस आहेत.