स्टेशन डायरीत नसलेली नोंद

गुरुवार. अकरा वाजून दहा मिनिटे.
अंबड ठाण्यातून मी, महिला हवालदार गांगुर्डे,
चुंचाळ्याच्या शाळेत हजर.
सोबत पेन ड्राइव्ह आणि बुटाचा एक रिकामा खोका.
काठी गाडीच्या डिकीत ठेवून आले,
हे वरिष्ठांस विदित नाही.

प्रोजेक्टर चालला नाही.
बोरस्ते सर म्हणाले, तोंडी घ्या मॅडम.
तोंडी घेतलं.
अमली पदार्थ म्हणजे काय, कलम कोणतं, शिक्षा किती.
शिक्षेच्या आकड्यावर सातवी ब जागी झाली.
"दहा वर्षांनी आपण केवढे असू?"
"लग्नाचे असू," मागून कुणीतरी,
आणि वर्ग हसला. मीही.

मग कोयता.
वाढदिवसाचा केक कोयत्याने कापू नये, म्हणाले,
तर पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहून,
"आमच्याकडे नारळ कोयत्यानेच फोडतात."
नारळ चालेल, म्हटलं.

"तुम्ही मारता का?"
"कोणाला?"
"कोणालाही."
पंख्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं.
मला माझा उजवा हात आठवला,
मागच्या महिन्यात त्रिमूर्ती चौकात
एका पोराच्या कानाखाली उठलेला.
मिसरूड फुटलेलं नव्हतं त्याला.
मी म्हटलं, पुढचा प्रश्न.

खोक्याच्या झाकणाला चीर पाडली होती.
नाव घालू नका, काय विचारायचं ते विचारा.

रात्रपाळीला चिठ्ठ्या उघडल्या.
पोलीस व्हायला उंची किती लागते.
बंदूक खरी आहे का.
पप्पा पितात ते दुकानात मिळतं म्हणून चालतं का.
बोरस्ते सर मारतात ते कोणत्या कलमात बसतं.
माझ्या दादाला नेऊ नका तो आता घेत नाही.
यातलं 'आता' खोडून पुन्हा लिहिलेलं.

आणि एक कोरी.
चार घड्या घातलेली, कडा मऊ पडलेल्या.
ट्यूबलाइटसमोर धरली, पाठपोट पाहिली.
टाकून देणार, तेवढ्यात वास आला.

माझ्या वडिलांचं सिन्नरला सायकलचं दुकान होतं.
पंक्चरच्या सोल्युशनचा वास म्हणजे
त्यांची काळी नखं, घमेल्यातले बुडबुडे,
माझी फी, माझी भरतीची तयारी,
पहिल्या पगाराला त्यांनी शर्टाला पुसून पुढे केलेला हात.
तो वास मला कुणी ओळखून दाखवायला नको.
त्या रात्री मात्र
तो एका लहान मुलाच्या बोटांवरून आला होता
आणि मला तो नाकाजवळ धरवेना.

मुद्देमाल म्हणून जप्त करायला हवी होती.
दोन पंच, लाख, सील.
मी ती खिशात ठेवली, नावाच्या पट्टीमागे.

पुढच्या गुरुवारी बंदोबस्त लागला होता,
अहिरेंशी ड्युटी बदलून घेतली.
सातवी ब ला म्हणाले,
एक चिठ्ठी मला वाचता आली नाही.
ज्याची आहे त्याने परत लिहावी.
नाही लिहिली तरी मी सुट्टीत सायकल स्टँडजवळ आहे.

बसले. शेजारी शिपाई निकुंभांची सायकल,
पुढचं चाक जमिनीला टेकलेलं.
तीन मुली उंची मोजून घ्यायला आल्या.
एमआयडीसीचा भोंगा वाजला.
कुणीतरी मैदानातून चेंडू मारला, तो टोपीला लागून गेला,
माफी मागायला कुणी आलं नाही.

मग एक जण आला.
बाहीने नाक पुसत, माझ्याकडे न बघता,
चाकाशी उकिडवा बसला.
टायर दाबून म्हणाला, "पंक्चर आहे."
"काढता येतं?"
"येतं."
"सोल्युशन लागेल ना?"

त्याचा हात खिशाकडे गेला
आणि तिथेच राहिला.
आता तो माझ्याकडे बघत होता.
मीही हात पुढे केला नाही.
बराच वेळ आम्ही दोघं
त्या बसलेल्या चाकाजवळ.

बारा वाजून चाळीस मिनिटे.
आक्षेपार्ह काही आढळून आले नाही.