दोन बोटं

माझ्या विमानाला अजून पंख नाहीत.
तळहातावर मावेल असा टायटॅनियमचा तुकडा,
चार भोकं, एक वाकण,
आणि तेरा आकडी पार्ट नंबर,
आईच्या मोबाइलपेक्षा जास्त पाठ झालेला.
हा विमानात नेमका कुठं बसतो
ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही.
विचारलं तर साहेब म्हणाले, "बसतो."

शेवटच्या वर्षी आम्ही थर्माकोलचं ग्लायडर उडवलं होतं
नांदेडच्या कॉलेजमागच्या मैदानावर.
एकवीस सेकंद राहिलं हवेत.
त्या एकवीस सेकंदांवर
मी दीड वर्ष मुलाखती दिल्या.
बंगळुरूहून मेल आला नाही.
मग शेंद्रा एमआयडीसी, पत्र्याचं शेड,
ट्रेनी, अठरा हजार, जेवण कापून.

पहिले तीन महिने नुसती बर काढली,
कानशीनं, मग पॉलिश पेपरनं,
कड बोटाला कळेनाशी होईपर्यंत.
शेजारच्या बाकावर परभणीचे चाऊसमामू,
बत्तीस वर्षं मायक्रोमीटरला कान लावून.
"तीन टकटक झाली की थांब.
चौथी टकटक घमेंडीची असते."
मिलीमीटरचे हजार भाग करायचे,
त्यातले बारा आपले.

आई सेलूला ब्लाउज शिवते.
प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड आत दाबून ठेवते,
पुढच्या बाळंतपणासाठी,
एखादं वर्ष सुखाचं जाईल आणि अंगावर दिसेल, त्यासाठी.
तिला फोनवर म्हणाले, इथं तसं नसतं,
धातू गेला की उसवून परत येत नाही.
तर म्हणते, "मग कापायच्या आधी किती येळ बघायलीस?"

मार्चमध्ये चौदा नग पास केले.
सही माझी, शिक्का माझा.
कंपनीची बस केंब्रिज चौकात सिग्नलला थांबली
आणि माझ्या तळहाताला आठवलं:
नग गरम होते.
चार तास गार खोलीत ठेवायचे असतात,
शिफ्ट संपत आलेली, मी मशीनवरून उचलून तसेच मोजले.
गरम धातू फुगून खोटं बोलतो,
रागानं नाही, स्वभावानं.

उतरले. उलट्या दिशेची रिक्षा धरली.
चिकलठाण्याला एक विमान उतरत होतं,
इतकं खाली, की पोटावरचे दिवे मोजता आले.
मी मोजले नाहीत.

नऊ नगांना लाल टॅग लागला, पाच वाचले.
माझी पगारवाढ वाचली नाही.
चाऊसमामूंनी डबा पुढं सरकवला,
"विमान पडलं तर आपलं नाव कुणी घेत नाही.
नाही पडलं तरी नाही घेत.
बीच में जो बचा ना बेटा, वोच अपनी नौकरी."
भेंडी होती. तिखट.

रद्दीतला एक नग, मधोमध कापलेला,
गेटपास करून घरी नेला.
आईनं मशीनवरचा पाय काढला,
काजाचं घर तपासतात तसा
अंगठा फिरवला त्याच्या अंगावरून.
"विमानात कुठं बसतंय हे?"
"बसतं," मी म्हणाले.
तिसऱ्या भोकाशी तिचं बोट अडलं.
"इथं धागा राहिलाय गं."

मी बोट ठेवून बघितलं.
होता.