खिळा

मगदूम,
तुझा हळकुंडे मास्तर काल टीव्हीवर दिसला.

मी भाकरी खात होतो. नातवाचं कार्टून लागलेलं,
फ्लॅटमधलं एक घर, नवराबायको, दोन पोरं, एक बोलका फ्रीज.
सगळे एकमेकांवर खेकसतात
आणि दर वाक्याला न दिसणारी माणसं हसतात.
मला ते हसणं सोसत नाही.
तू तीन चौकटींत एकदाच हसवायचास,
तेही पेपर घडी घालून ठेवल्यावर, जिन्यात कुठंतरी.

तर त्या घरातली लाईट गेली
आणि लाईटबरोबर रंगच गेले,
सोफ्याचा, भिंतीचा, पोरीच्या फ्रॉकचा.
पडदा उभा चिरला, दोनदा.
रेघ तुझी होती.
टाकाची, खाली येता येता जाड होणारी, जराशी थरथरती,
कारण छापखान्यात स्टूल एकच, ते कंपोझिटरचं,
आणि तू ट्रेडलच्या कडेला उभ्यानं काढायचास.

पहिल्या चौकटीत मास्तर.
तसाच वाळका, धोतराचा सोगा खिशात,
छत्रीची मूठ चौकटीबाहेर.
संपादक म्हणायचे, मगदूम, मूठ आत घ्या, कॉलम मोडतो.
तू म्हणायचास, मास्तर मावतो आत, छत्री मावत नाही.

त्या घरातला बाप, एरवी तोंड न मिटणारा,
मधल्या रेघेवर डोकं आपटून थांबला.
डोक्यावर फुगा आला. कोरा.
मास्तरानं त्याच्याकडं बघितलं
आणि बाकावर थोडं सरकून जागा केली.
एवढंच.
हसणारी माणसं हसली नाहीत.
नातू म्हणाला, दादा, आवाज गेला काय?

आता ऐक.
खालच्या डाव्या कोपऱ्यात मुंगी होती.

जस्ताचा ब्लॉक लाकडावर ठोकताना
माझ्या डावऱ्या हातानं तिथला खिळा
रोज अर्धा सूत वर राहायचा,
शाई खायचा, कागदावर ठिपका द्यायचा.
चार दिवस तू माझ्याबरोबर चहा घेतला नाहीस.
मग तासगावहून एका पोरीचं कार्ड आलं,
मास्तरांच्या पायाशी रोज मुंगी असते,
तिला साखर कोण घालतं?
तू कार्ड माझ्यापुढं सरकवलंस,
शिकलगार, उत्तर तू दे, मुंगी तुझी आहे.
मी दिलं नाही. माझं अक्षर बरं नव्हतं.
पण त्या दिवसापासून अकरा वर्षं
तो खिळा मी मुद्दाम वर ठेवला.
ऑफसेट आल्यावर तू पेनानं टिंब देऊन बघितलंस,
टिंबच राहिलं ते.

पुढं पुरात फायलींचा लगदा झाला.
आयर्विनवर किती फूट, किती फूट, एवढंच सगळे विचारत होते.
ब्लॉक भंगारात किलोवर गेले,
तुझ्या पोरानं आलेले पैसे मला दाखवले, मी मोजले नाहीत.
मला वाटलं, आता मास्तर
फक्त माझ्या आणि तुझ्या बायकोच्या डोक्यात उरला,
आणि तिला तो कधीच आवडला नव्हता.

मग हे कुणी जपलं?
कुणाच्या वहीत चिकटवलेलं, कुठल्या दुकानाच्या काचेवर?
कारण काल त्या ठिपक्याला सहा पाय फुटले.
ती चालली, मास्तराच्या चपलेवरून,
रेघ ओलांडून दुसऱ्या चौकटीत, तिथून तिसऱ्या,
जिथं धाकट्या पोरीच्या मुठीतून
साखरेचा दाणा पडलेला.

रंग परत आले. फ्रीज बोलायला लागला.
शेवटी नावं धावली, चष्मा सापडेतोवर संपली.
नातू म्हणाला, मागं घेऊ?
म्हटलं घे, नावांपर्यंत नको,
मुंगीपर्यंत घे.

तीनदा बघितली.
नातू म्हणाला, मुंगीत काय एवढं?
मी म्हटलं, खिळा आहे तो,
नीट बसला नव्हता.

त्याला वाटलं, म्हातारा झोपेत बोलतोय.
उठून त्यानं टीव्ही बारीक केला.